बिनवारशाची खुर्ची

घराची वाटणी ठरली की आधी सामानाची यादी करावयाची, ही आपल्याकडची जुनी रीत. यादीत शिसवी पलंग येतो, सागवानी कपाट येते, देवघरातला चौरंग, जेवणाचे पाट, आजोबांची आरामखुर्ची, पितळी कड्यांचा हिंचका येतो; माळ्यावरचा पोचे पडलेला हंडासुद्धा वजनानिशी मांडला जातो. परंतु ज्या खुर्च्यांवर बसून मंडळी ही यादी करीत असतात, त्यांची नोंद कोणी करीत नाही. पांढऱ्या नाही तर विटकरी रंगाच्या, एकात एक जाणाऱ्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्या ‘सामान’ या सदरात धरल्याच जात नाहीत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या बडोद्याच्या जुन्या वस्त्यांतले कितीतरी मराठी वाडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत उतरले. त्या निमित्ताने अशा याद्या आम्ही बऱ्याच वाचल्या, काहींवर साक्षीदार म्हणून सह्याही केल्या. एकाही यादीत ही खुर्ची आम्हांला भेटली नाही. तिच्यासाठी भावाभावांत कधी वाद झाल्याचेही ऐकिवात नाही.

‘प्लास्टिक’ हा शब्द आता आपल्या बोलण्यात निंदेपुरताच उरला आहे. ज्यात जीव नाही ते प्लास्टिक, जे वरवरचे ते प्लास्टिक. गंमत अशी की ज्या बडोद्यात ही निंदा आमच्या कानी पडते, त्या बडोद्याच्या अभिमानाचे फर्निचर राळेनेच नटलेले आहे. संखेड्याचे खरादी सागाच्या कातीव पायांवर आणि दांड्यांवर जे लाल-सोनेरी काम करतात, ते लाखेचे. (संखेडा तालुका २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात गेला; पण बडोदेकरांच्या जिभेवर तो अजून बडोद्याचाच आहे.) पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एका इवल्या किड्याने सोडलेली राळ म्हणजे लाख. खरादावर लाकूड गरगर फिरत असते, कारागीर रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडावर पसरते आणि निवताच घट्ट बसते. कथलाच्या रंगाने काढलेली रुपेरी वेलबुट्टी पारदर्शक लाखेच्या थराखाली गेली की सोनेरी दिसू लागते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला तकाकी आणतात. उष्णतेने मऊ व्हावे, हवा तो आकार घ्यावा, आणि थंड झाल्यावर तो धरून ठेवावा, हा लाखेचा गुण आहे आणि खुर्चीच्या प्लास्टिकचाही तोच आहे. दरबारगायक फैयाजखाँ यांचे गाणे ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतून आमच्या घरांत शिरले, त्या तबकड्याही लाखेच्याच. राळेच्या गृहसजावटीचे आपल्या वाङ्मयातले आद्य उदाहरण मात्र महाभारतातील लाक्षागृहाचे. त्याचे पुढे काय झाले ते वाचक जाणतातच.

लाखेला पर्याय शोधण्याच्या खटपटीतूनच लिओ बेकलँडने १९०७ साली बेकेलाइट सिद्ध केले. रेडिओच्या पेट्या आणि विजेची बटणे त्याची झाली. खुर्ची मात्र पुष्कळ उशिरा आली, कारण खुर्चीला माणसाचे वजन पेलावे लागते, आणि माणूस काही स्वस्थ बसत नाही. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याची काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकची, शिंपल्यासारख्या बैठकीची खुर्ची १९५० साली बाजारात आली. हेच दांपत्य पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले, आणि १९५८ साली त्यांनी जो अहवाल लिहिला त्यात सर्वाधिक कौतुक केले ते आपल्या लोट्याचे. प्लास्टिकच्या खुर्चीचे जनक पितळी लोट्यासमोर नतमस्तक झाले! त्या अहवालातून आमच्या शेजारी, अहमदाबादेस, १९६१ साली राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

त्या काळच्या युरोपातील रचनाकारांच्या डोक्यात एकच ध्यास होता. सांधे नाहीत, खिळे नाहीत, सुतार नाही. एका साच्यातून एक अखंड खुर्ची बाहेर यावी, ती स्वस्त असावी आणि कोणाच्याही घरात जावी. मिलानमध्ये ज्युलिओ नट्टा यांनी १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन तयार केले, आणि १९६३ साली कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडात रॉबिन डे यांची पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची आली. तिचे पाय अजून लोखंडी होते, पण बैठक आणि पाठ एकसंध होती. शाळा, दवाखाने, सभागृहे तिने भरून गेली. इटलीत जो कोलंबो यांनी पायांसकट सारी खुर्ची प्लास्टिकची केली. १९६७ पासून कार्टेल कंपनीने ती काढली. तिचे पाय बदलून तिची उंची कमीजास्त करता येई, आणि पाठीला बोटे घालून उचलण्यासाठी एक भोक असे. पण साऱ्यांना मोहात पाडले ते डेन्मार्कच्या व्हर्नर पँटन यांच्या खुर्चीने. तिला पाय नाहीतच. डोक्यापासून तळापर्यंत एकच वळण, जणू कोणी पदर सावरून वाकले आहे. तीही १९६७ चीच.

या सुंदर खुर्चीची कुंडली मात्र कष्टाची आहे. प्रथम ती काचतंतूंची होती, म्हणजे हाताने घासूनपुसून पुरी करावी लागे. मग स्वस्त प्लास्टिकची केली, तर ती जुनी होता होता तडकू लागली, आणि १९७९ साली तिचे उत्पादनच थांबवावे लागले. १९८३ मध्ये ती दुसऱ्या प्लास्टिकमध्ये पुन्हा आली. एका साच्यातून झटपट निघणारी, सामान्यांच्या आवाक्यात यावी अशी तिची पॉलिप्रॉपिलीनची आवृत्ती १९९९ साली निघाली. पँटन त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. दरम्यान १९७३ च्या युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि प्लास्टिकच्या फर्निचरची ती रंगीबेरंगी हौस युरोपात ओसरली. सर्वांसाठी म्हणून काढलेल्या त्या खुर्च्या थोड्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसल्या. सर्वांची जी झाली ती निराळीच. आँरी मासोने या फ्रेंच अभियंत्याने १९७२ साली ‘फोतेय ३००’ नावाची हातांची खुर्ची काढली. ती साच्यातून दोन मिनिटांच्या आत बाहेर पडे. जगभरच्या पांढऱ्या खुर्च्या तिच्याच गोत्रातल्या. पँटनचे नाव सजावटीच्या प्रत्येक पुस्तकात सापडते, मासोनेचे क्वचितच. आपल्या लोट्याच्या कर्त्याचे तरी कुठे सापडते?

आम्हां बडोदेकरांना या कथेत बाहेरून डोकावण्याची गरज नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली आणि १९६९ मध्ये तिच्या आसऱ्याने इंडियन पेट्रोकेमिकल्स, म्हणजे आपली आयपीसीएल, स्थापन झाली. आमच्या वयाच्या मराठी घरांतून एक तरी मुलगा रिफायनरीत, आयपीसीएलमध्ये, ज्योतीत नाही तर अलेम्बिकमध्ये असावयाचाच. सयाजीरावांच्या काळात जी घरे कारकुनीवर आणि मास्तरकीवर चालली, ती पुढच्या पिढीत नॅफ्थ्यावर चालली, असे म्हटले तर चूक होणार नाही. आयपीसीएलमधील एक शेजारी काका संध्याकाळी बसमधून उतरले की खिशातून मूठभर पांढरे दाणे काढून आम्हां मुलांच्या हातावर ठेवीत. साबुदाण्यासारखे, पण दाताखाली न फुटणारे. ते पॉलिप्रॉपिलीन होते. या दाण्यांच्या खुर्च्या होतात असे काका म्हणत आणि आमच्या आजी, त्या काळी सोवळ्यात असलेल्या, त्यांना म्हणत, “पुरे हो तुमच्या थापा.” आजींनी खुर्ची पाहिली नाही. आयपीसीएलची सूत्रे २००२ साली रिलायन्सकडे गेली आणि २००७ मध्ये ती त्या कंपनीत विलीन झाली. पण तोवर बडोद्याचे दाणे दमण-सिल्वासाच्या बाजूला जाऊन, खुर्च्या होऊन, टेम्पोतून बडोद्यास परत येऊ लागले होते.

ही खुर्ची येण्यापूर्वी आमच्या घरांत बसण्याला केवढी शिस्त होती, हे नव्या पिढीला सांगून पटत नाही. दिवाणखान्यात गादी, लोड आणि तक्के. तेथे वडीलधारे आणि त्यांच्या बरोबरीचे पाहुणे. वेताची आरामखुर्ची आजोबांची. ते घरी नसले तरी ती रिकामीच असे. सागवानी सरळ पाठीच्या चार खुर्च्या वकील, डॉक्टर आणि व्याही यांच्यासाठी. दाराशी बाकडे, त्यावर कुळे, उमेदवार, निरोप्या. स्त्रिया स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पाटावर. गाणाऱ्याला सतरंजी. हिंचका तेवढा काहीसा मोकळा, पण त्यालाही दुपारची आणि संध्याकाळची वेगळी माणसे ठरलेली. माणूस कोठे बसला यावरून तो कोण हे परक्यालाही कळे. या व्यवस्थेत देखणेपणा होता, हे आम्ही नाकारीत नाही. मापात कातलेले पाय, हातांच्या टोकाशी घासून काळवंडलेली वळणे, दर चार-पाच वर्षांनी येऊन वेत नव्याने विणून देणारा कारागीर, हे सारे आम्हांला आजही प्रिय आहे. पण ती रचना सुंदर दिसत असे ती ज्यांना बसावयास मिळे त्यांच्या जागेवरून.

आमच्याकडे पहिल्या चार खुर्च्या १९९३ च्या सुमारास आल्या. एका मुंजीला मांडववाल्याकडून लोखंडी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. त्यांपैकी एकीने मुलाचे बोट चिमटीत धरले, आणि “आता घरच्याच हलक्या घेऊन टाकू,” असे वडील म्हणाले. त्या दिवाणखान्यात ठेवावयाच्या नाहीत, असे आईने पहिल्याच दिवशी सांगितले. त्या मागच्या चौकात गेल्या. चौकात गेल्या म्हणून त्या कोणाच्याच झाल्या नाहीत, आणि कोणाच्या नव्हत्या म्हणून हळूहळू सर्वांच्या झाल्या. दूधवाला हिशेब करताना बसू लागला. अभ्यासाला कंटाळलेली मुले त्यांवर उलटी बसून होडी वल्हवू लागली. घरकामाला येणाऱ्या बेन वीस-बावीस वर्षे चौकाच्या पायरीवर बसून चहा घेत. एका दुपारी आईबरोबर कोथिंबीर निवडताना त्या खुर्चीवर बसलेल्या दिसल्या. त्यांना कोणी बसा म्हटले नव्हते, आणि उठा म्हणण्याचे कोणाला सुचलेही नाही. सागवानी खुर्चीवर बसा असे त्यांना म्हटले असते तरी त्या बसल्या नसत्या. म्हणणाऱ्यालाही आपण काही विशेष करीत आहोत असे वाटले असते. सुधारणेवर व्याख्याने बडोद्याने पुष्कळ ऐकली आहेत. अडीच किलो वजनाच्या त्या वस्तूने चौकातल्या चौकात जे केले, ते व्याख्यानाविना झाले.

अर्थात हे सगळीकडे झाले आणि टिकले असे नाही. अलीकडच्या बंगल्यांत आत मऊ सोफा असतो आणि फाटकाशी एक रंग उडालेली प्लास्टिकची खुर्ची; ती पहारेकऱ्याची, ड्रायव्हरची, पार्सल घेऊन आलेल्या मुलाची. जुन्या बाकड्याचीच ती नवी आवृत्ती होय. खुर्ची तीच, पण तिला एकाच माणसासाठी दाराबाहेर नेमून ठेवले की तिचा मोकळेपणा जातो. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने २००८ ते २०१७ पर्यंत अशा खुर्च्यांना सार्वजनिक जागी मज्जाव केला होता, शहराच्या शोभेला बाध येतो म्हणून. आणि त्याच शहराच्या वेशीवरील व्हिट्रा डिझाइन संग्रहालयाने २०१७ साली याच खुर्चीचे प्रदर्शन भरवले! शोभा कोणाची आणि कोणासाठी, हा प्रश्न फक्त आपल्याकडेच पडतो असे नाही.

आईचे खुबा मोडण्याचे दुखणे निघाले तेव्हा ती ८४ वर्षांची होती. शस्त्रक्रियेनंतर चालू लागली, पण खाली बसणे कायमचे संपले. पाटावर बसून, समोर बादली घेऊन, दार लावून स्नान करणे हा तिचा आयुष्यभराचा परिपाठ. आता दुसऱ्या कोणी आंघोळ घालावी ही कल्पना तिला दुखण्याहून जड वाटत होती. तसे तिने बोलून दाखवले नाही, पण आम्हांला दिसत होते. बाजारातून चाकांची लोखंडी खुर्ची आणली, ती दोन महिन्यांत गंजली आणि तिची चाके ओल्या फरशीवर पळू लागली. शेवटी आमच्या बहिणीने चौकातील दोन पांढऱ्या खुर्च्या एकात एक घातल्या. अशाने बैठक थोडी उंच होते, म्हणजे उठताना गुडघ्यांवर कमी भार येतो. आणि दोन थर एकावर एक आल्याने पाय बाहेर फाकत नाहीत. गुळगुळीत टाइल्सवर एकट्या खुर्चीचे मागचे पाय फाकतात आणि म्हातारे माणूस पाठीवर पडते, हे ज्यांच्या घरी वृद्ध आहेत त्यांनी लक्षात ठेवावे. न्हाणीघरात आमच्याकडे सुदैवाने जुनी खडबडीत शहाबादी फरशी होती. पाणी साचू नये म्हणून बैठकीला तापवलेल्या सळईने पाच भोके पाडली. आई दोन्ही हातांवर भार देऊन त्या खुर्चीत बसू लागली आणि दार पुन्हा आतून लोटले जाऊ लागले. कडी लावू नये एवढीच आमची अट होती. तांब्यातून अंगावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज आणि मध्येच एखादे स्तोत्र बाहेर ऐकू येत असे. शेवटचे दोन आठवडे सोडले तर सव्वादोन वर्षे ती आपले स्नान आपण करीत होती.

डॉन शोनडॉर्फर या अमेरिकन अभियंत्याविषयी आम्ही नंतर वाचले. चाकांची खुर्ची परवडत नाही म्हणून जगात लाखो माणसे जमिनीवरून सरपटतात, हे पाहून त्याने साध्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीला लोखंडी चौकट आणि सायकलची चाके लावली. २००१ साली त्या पहिल्यावहिल्या चार खुर्च्या घेऊन तो आला तो आपल्या देशात. पुढे त्याच्या संस्थेने दहा लाखांहून अधिक खुर्च्या गरजूंना दिल्या. इतर कोणतीही खुर्ची त्याला चालली नसती, कारण एवढी स्वस्त, एवढी हलकी, आणि धुऊन लगेच कोरडी होणारी दुसरी नव्हती.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा धोक्याची पातळी २५ फुटांची असताना नदी ३७ फुटांच्या वर गेली होती. अकोट्यातील धाकट्या भावाच्या तळमजल्यात साडेतीन फूट पाणी चढले आणि दोन दिवस राहिले. पाण्याने घरातील प्रत्येक वस्तूची जी परीक्षा घेतली, तशी कोणत्याही सजावटकाराने घेतली नसेल. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळ्यांचे नवे कपाट पावासारखे फुगले आणि हात लावताच ढासळले. सागवानी कपाट जागचे हलले नाही, पण त्याची दारे इतकी घट्ट बसली की दिवाळीपर्यंत उघडली नाहीत. संखेड्याच्या दोन खुर्च्यांचे सांधे सुटले आणि लाखेचे पापुद्रे निघाले. प्लास्टिकच्या खुर्च्या तेवढ्या तरंगत निघून गेल्या. एक शेजाऱ्याच्या आवारात सापडली, एक कडुलिंबाच्या बेचक्यात. उरलेल्या दोन सापडल्या त्या आपल्याच का दुसऱ्याच्या, हे ओळखण्याची सोय नव्हती. सोसायटीत सर्वांच्या सारख्याच. त्या दिवसांत विश्वामित्रीच्या मगरी रस्त्यांवर आल्या होत्या, त्यामुळे शोधायलाही कोणी धजत नव्हते. समोरच्या घरातील नव्वदीच्या आजोबांना चार मुलांनी खांद्यांवर घेऊन बाहेर काढले ते अशाच एका खुर्चीत बसवून. पाणी ओसरल्यावर नळीने धुऊन दहा मिनिटांत ज्या बसण्याजोग्या झाल्या, त्या याच. आठवडाभर सारी सोसायटी रस्त्यावर त्यांवर बसून चिखलाचे ढीग पाहत होती. हेही सांगितले पाहिजे की त्या ढिगांत, नाल्यांच्या तोंडाशी आणि नदीकाठच्या झुडपांत अडकलेल्या कचऱ्यात सर्वांत जास्त दिसत होते ते प्लास्टिकच.

त्या खुर्चीचा खरा दोष येथे आहे. ती म्हातारी होते, पण तिला म्हातारपण शोभत नाही. उन्हात ठेवली की सूर्यकिरणांतील अदृश्य भाग तिच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो. रंग विटतो, हाताला खडूसारखी पूड लागते आणि एके दिवशी पाहुण्यासकट पाय मोडतो. भाव कमी ठेवण्यासाठी पुष्कळ कारखानदार तिच्यात खडूची भुकटी मिसळतातही. सागवानी खुर्चीचा पाय मोडला तर सुतार येतो, वेत तुटला तर विणणारा येतो. हिचा पाय मोडला तर कोणी येत नाही. डिंक तिला धरत नाही, खिळा तिला फाडतो. आम्ही सळईने डाग देऊन, तारेने शिवून पाहिले आहे. महिनाभर चालते. मग ती पस्तीवाल्याच्या हातगाडीवर जाते, तेथून दळली जाऊन बादली किंवा कुंडी होते, आणि दर जन्मी हलक्या योनीत. वेत विणणारा आमच्या भागात येणे बंद झाले त्यालाही अंशतः हीच कारण आहे.

आमची पुतणी नुकतीच भायलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहावयास गेली. तिच्या सजावटकाराने दिवाणखान्यासाठी जी चित्रे दाखवली त्यांत पँटनच्या वळणाची लाल खुर्ची होती, ईम्सच्या शिंपल्याच्या चार होत्या, आणि एक आरपार दिसणारी. ही शेवटची फिलिप स्टार्क यांची, २००२ सालची. फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या काळातील राजेशाही खुर्चीचा आकार, पण पॉलिकार्बोनेटचा, बर्फासारखा. ‘व्हिंटेज प्लास्टिक’ हा शब्द आम्ही तिच्या तोंडून प्रथम ऐकला. १९६७-६८ च्या मूळ खुर्च्यांना परदेशात लिलावात मोठ्या किमती येतात. आपल्या बाजारात मिळतात त्या बहुतेक नकला. नकला म्हणून त्या टाकाऊ आहेत असे आमचे मत नाही. ईम्सच्या शिंपल्यात पाठ खरोखर विसावते, मग तो शिंपला कोणत्याही कारखान्यातला असो. आमचा राग आहे तो दुसऱ्याच प्रकारावर: वेताची वीण कोरलेली प्लास्टिकची खुर्ची, सागाच्या रेषा छापलेले प्लास्टिकचे कपाट. त्या वेताला वेताचा वारा नाही आणि त्या सागाला सागाचा वास नाही. प्लास्टिकने प्लास्टिकसारखे दिसावे, लाल असेल तर भडक लाल, पांढरे असेल तर निर्मळ पांढरे. राजाच्या खुर्चीची टवाळी करणारी ती पारदर्शक खुर्ची त्यामुळेच आम्हांला आवडली, जरी बडोद्याच्या मे महिन्यात तिला पाठ चिकटेल हे आम्ही पुतणीला सांगितले.

तिने लाल वळणाची एक घेतली. ती कोपऱ्यात दिव्याखाली छान दिसते आणि तिच्यावर अद्याप कोणी बसलेले आम्ही पाहिले नाही. हिंचका भावाने दिला, तो फ्लॅटच्या तुळईचा हिशेब इंजिनियरला विचारून टांगला. संखेड्याच्या दोन खुर्च्या खरादीकडे गेल्या. त्याने सांधे बसवून, जुनी लाख खरवडून नवी चढवली, आणि मजुरीत दोन नव्या आल्या असत्या हे हसत कबूलही केले. मग पुतणीने न्हाणीघरातील त्या जोडीची चौकशी केली. तिची सासू अलीकडे गुडघ्यांनी बेजार आहे. साबणाचे आणि बडोद्याच्या क्षारयुक्त पाण्याचे पुट बसून दोन्ही खुर्च्या एकमेकींत अशा रुतल्या होत्या की वेगळ्या होत नव्हत्या. वेगळ्या करण्याची गरजही नव्हती. तिचा नवरा त्या तशाच, पाच भोकांसकट, स्कूटरवर आडव्या धरून घेऊन गेला. सासूबाईंचे न्हाणीघर टाइल्सचे आहे, म्हणून आम्ही बरोबर रबराची चटई पाठवली.